भिकू मेस्तांनी बांधलेली छपरं

परवा आमच्या घराचं छप्पर बघायला एक तरुण इंजिनीअर आला. स्वच्छ शर्ट, हातात मोजायचा फितीचा डबा, बोलणं अगदी गोड. पडवीत उभं राहून त्याने एकदा वर बघितलं आणि म्हणाला, "तसं मजबूत आहे हो, मॅडम." मी आत गेले, कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि आणून त्याच्या हातात दिलं. "मजबूत आहे ना? मग मारा खालून." तो मुसळाकडे बघतो, माझ्याकडे बघतो, माझ्या सुनेकडे बघतो. म्हातारीचं काहीतरी बिनसलंय अशी त्याची खात्रीच झाली. त्याची चूक नाही. त्याला भिकू मेस्त भेटले नव्हते.

मला भेटले, आणि तेही अशा दिवशी की मी त्यांना घराबाहेर काढायचीच बाकी होते. आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी.

आमचे हे गोव्यातल्या तुये इथल्या कारखान्यात नोकरीला लागले, मी तिथल्याच मराठी शाळेत बाई झाले, आणि चार वर्षं भाड्याच्या खोलीत काढून आम्ही स्वतःचं घर बांधलं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे बसायचा ओटा, आमच्याकडचा सोपो. सासूबाई लाटंबार्शाहून खास आल्या होत्या. पंगत बसली होती, वरणभात वाढला होता, आणि शेजारचे म्हणून बोलावलेले एक उंच, हडकुळे, पन्नाशीचे गृहस्थ पानावर बसायचं सोडून म्हणाले, "बाई, घरात मुसळ आसा?" मला वाटलं, काही विधी राहिला असेल. मी बापडीने दिलं. ते स्टुलावर चढले आणि त्यांनी मुसळाचं टोक खालून वाशाला असं ठोसलं की सगळं छप्पर खडखडलं, दोन कौलं सरकली आणि बांधकामाची धूळ ताज्या वरणात पडली.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. माझ्या तोंडाला त्या काळात कुलूप नव्हतं, आजही नाही. मी म्हटलं, "तुम्हाला कोणी शिकवलं हे, जेवायच्या घरी येऊन घर पाडायचं?"

ते शांतपणे खाली उतरले. "बाई, तुमचां छप्पर बसलेलां नाय. नुसतां टेकलेलां आसा. कोणी डोक्यार टोपी ठेवता ना, तशी ठेवल्यानी." मग हात धुऊन पानावर बसले आणि धुळीचा भाग बाजूला सारून पोटभर जेवले. वर सासूबाईंना म्हणाले, वरण बरां झालां.

हे भिकू मेस्त. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात, म्हणून मेस्त. आडनाव त्यांचं त्यांनाही क्वचितच लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून धुमसतेच आहे, तर हे पुन्हा दारात. या वेळी हातात सूप. वारा चांगला वाहत होता. मला अंगणात बोलावून म्हणाले, "हां सूप आडवां धरा. दोनय हातांनी. आता पुढची कड वाईच वर करा." वाईच म्हणजे जराशी. मी जराशी वर केली, आणि सूप माझ्या हातातून सुटून जे वर गेलं ते थेट मागच्या फणसावर जाऊन अडकलं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. तोवर मी समजत होते की वारा घराला ढकलतो. भिंत जाड असली, कौलं जड असली की झालं.

"लोक भिंतीक टेकू देतत," मेस्त म्हणाले. "वारो ढकलीत नाय, बाई. वारो उचलता. छप्पर पडणा नाय, उडता. मगे पडता."

माझा राग कुठल्या कुठे गेला. असं काही कळलं की मला बसवत नाही. मी त्या दिवशी शाळेत चौथीच्या पोरांकडून पुठ्ठे धरवून घेतले आणि अख्खा वर्ग मैदानात पुठ्ठ्यांमागे धावला. संध्याकाळी मेस्तांना निरोप धाडला, आमचं छप्पर बांधून द्या. त्यांनी पंधरा दिवस घेतले. प्रत्येक तिसऱ्या वाशाला लोखंडी पट्टी, पट्टी खाली भिंतीत तीन थर चिऱ्यांच्या खालून काढलेली, वर बोल्टने आवळलेली. आढ्यावरची कोन्यांची कौलं चुन्यात घट्ट बसवली. कडेच्या कौलांना तारा. आणि पडवीचं छप्पर मुद्दाम घराच्या छपरापासून सुटं केलं. हे मला पटेना. म्हटलं, एकसंध असलं तर बळकट नाही का? तर म्हणाले, "पडवी उघडी, ती पयली जातली. जाता तर एकटी जावंदे. घराक ओढून नेवची नाय." शेवटी पुन्हा मुसळ. त्यांनी ठोसलं, मी ठोसलं, ह्यांनी ठोसलं. कौल हललं नाही. मी एवढी खूश झाले की शेजारच्या दोन बायकांना बोलावून त्यांच्याकडूनही ठोसवून घेतलं.

मेस्त कोणालाही रस्त्यात भेटले की "बरे आसात?" असं विचारायचे नाहीत. "छप्पर बरां आसा मगे?" हा त्यांचा नमस्कार. कमरेला पट्ट्याच्या जागी बारीक तारेचं वेटोळं, लग्नालाही तेच. कोणाच्या घरी सांत्वनाला गेले तरी बोलता बोलता त्यांची नजर आढ्याकडे जायची आणि घरची माणसं अवघडून वर बघायला लागायची. सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, दोन उंडे पाव घ्यायचे, एक स्वतः चहात बुडवून खायचे आणि दुसरा बायकोसाठी कागदात गुंडाळून न्यायचे. त्यात एक दिवस खाडा नाही.

त्यांच्या बायकोबद्दल सांगायलाच हवं, कारण मेस्तांच्या सगळ्या खटपटीचं मूळ तिथे होतं.

जानकीवहिनी काठी घेऊन चालायच्या. डावा पाय कमरेपासून ओढत. बाकी बाई चटपटीत, चुलीपाशी बसल्या बसल्या दहा माणसांचं करतील. पण वारा सुटला की त्या घर सोडायच्या. पावसाळ्यातला साधा जोरही पुरे. मेस्त त्यांचा कोपर धरून आमच्या दारापर्यंत आणायचे, "बाई, हिका वाईच बसवा," म्हणायचे आणि स्वतः परत जाऊन आपल्या घरात एकटे बसायचे. वारा पडला की न्यायला यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, नवराबायकोचं भांडण असेल. मग एकदा वहिनींनीच सांगितलं, आमच्या सोप्यावर अळूची देठं सोलता सोलता.

लग्नानंतर मेस्तांनी पहिलं घर स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. वर पत्रे. तेव्हा त्यांनाही वारा कसा चालतो ते ठाऊक नव्हतं. सगळे करतात तेच त्यांनी केलं, पत्रे उडू नयेत म्हणून वर चिऱ्याचे दगड ठेवले. दगडाला आमच्याकडे फातर म्हणतात. चांगले निवडून, जड बघून ठेवले. एका दुपारी वारा आला, पत्रा उचलला गेला, फातर आत आला. वहिनी खाली तांदूळ निवडत होत्या.

"तुम्ही त्यांना कधी बोललात का?" मी विचारलं.

"काय बोलाचां गो? तेनी काय मुद्दाम केल्यानी?" त्या देठ सोलत राहिल्या. "मी तेंका कधी एक शब्द बोलूक नाय. पण वारो इलो की माका त्या घरात श्वास गावणा नाय. मी तरी काय करू?"

त्यानंतर मेस्तांनी ते घर तीनदा नव्याने बांधलं. चिऱ्याच्या भिंती झाल्या, कौलं आली, पट्ट्या आल्या, दर उन्हाळ्यात एखादा बोल्ट वाढायचाच. आमच्या तालुक्यात त्या घराएवढं घट्ट बांधलेलं दुसरं घर नसेल. गावोगावचे लोक बघून जायचे. वहिनीही मान्य करायच्या की छप्पर चांगलं आहे. आणि वारा सुटला की काठी घेऊन आमच्याकडे यायच्या. मेस्तांना जगाकडून दुसरं काही नको होतं. वाऱ्यात आपली बायको आपल्या घरात बसावी, एवढंच. हे ते कधी बोलले नाहीत, पण न कळायला मी काही दगड नाही.

एकदा मी न राहवून विचारलं, "मेस्त, वाऱ्यात तुम्ही तिकडे एकटे कशाला बसता? इथे या की." तर म्हणाले, "मीच नाय बसलंय तर ती कशी बसतली?"

राजभाषा कोकणी की मराठी, हे भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा आमच्या भागात घराघरात दोन तट पडले. मी मराठीची बाई, माझं रक्त उसळलेलं. मी सभांना पहिल्या रांगेत. पलीकडच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, कोकणीवाल्यांची सभा. आणि दोन्ही सभांचे मांडव घातले भिकू मेस्तांनी. तेच खांब, त्याच गाठी, तीच खोल पुरणी. आमच्यातल्या एकाने त्यांना अडवून विचारलं, "मेस्त, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"मांडवाखाली बसतत तेंच्या," मेस्त म्हणाले आणि पुढच्या खांबाकडे गेले. मी तेव्हा चिडले होते. आज त्यांच्याच बाजूने आहे.

मग गोवा घटक राज्य झालं, मिठाई वाटली गेली, शाळेवर झेंडा लागला. तुयेच्या कारखान्यांतही माणसं वाढली. कोल्हापूर, बेळगावकडची कुटुंबं आली. त्यांना राहायला बाबलो भाटकारांनी, म्हणजे आमच्या वाड्याच्या जमीनमालकांनी, बारा खोल्यांची चाळ उभी केली. नेमकी मेस्तांच्या अंगणासमोर. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे, आणि पत्र्यांवर रांगेने फातर.

मेस्त त्या दिवशी कामाला गेलेच नाहीत. अंगणात उभे राहून चाळीकडे बघत होते. वहिनी दारातून बघत होत्या. मग त्यांनी दार लोटून घेतलं.

मेस्त भाटकारांकडे गेले. एकदा नाही, चार वेळा. भाटकार वाईट माणूस नव्हता, पण ऐकून घ्यायची सवय नव्हती. "मेस्ता, फातर आसात म्हणान पत्रे रवलेत. काढले तर उडतले. इतक्यां साधां तुका कळणा नाय?" मेस्तांनी सूप नेऊन दाखवलं तर भाटकार हसले. मी गेले, शाळेतला पुठ्ठा घेऊन, चांगला अर्धा तास तावातावाने बोलले. मला चहा दिला आणि वाटेला लावलं. चाळीतल्या पहिल्या खोलीत दत्तू म्हणून आजऱ्याकडचा कामगार राहायचा, बायको हौसा आणि दोन पोरं. तो म्हणाला, "बाई, मालकाची खोली. आम्ही काय बोलणार? गावाकडं बी धोंडंच ठेवत्यात."

चवथ आली. आमच्याकडे गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकट, तिला नारळ, सुपाऱ्यांचे घोस, केळीचे घड, तवशी, रानातली फळं, सगळं टांगायचं; देवाच्या डोक्यावर अख्खं रान आणून लावायचं. भाटकारांची माटोळी मोठी आणि ती बांधायचा मान मेस्तांचा. केवणीच्या सालीचे दोर भिजवून ते अशा गाठी मारायचे की माटोळी सोडवताना कोयता लागायचा. आदल्या दिवशी मी तिथेच होते, भाटकारीणबाईंनी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बोलावलं होतं. आम्ही बायका खाली पिठाचे हात घेऊन बसलो होतो आणि मेस्त वर काम करत होते.

तासाभरात ते खाली उतरले. "झाली."

भाटकार बघायला आले. माटोळी सुंदर भरली होती. त्यांनी कौतुकाने चौकटीला हात लावला आणि माटोळी हलली. त्यांनी वर बघितलं. दोर एक नाही. चौकट नुसती चार खुंट्यांवर टेकवलेली, आणि तिच्यावर नारळांनी अर्धं भरलेलं पोतं ठेवलेलं.

"मेस्ता, ही बांधूक नाय?"

"नाय."

"पडतली मगे."

"पडाची नाय. वर वजन ठेवलंय," मेस्त म्हणाले. "तुमच्या चाळीर ठेवलाहात तसांच."

नेवऱ्या करणारे सगळे हात थांबले. भाटकारांचा चेहरा लाल झाला. "अरे, उद्या हंय देव बसतलो. देवाच्या डोक्यार पडली तर?"

"देव आपणाक सांभाळीत. थंय माणसां आसात."

 मला तर ओरडावंसं वाटत होतं, इतका आनंद झाला होता मला, पण पिठाच्या हातांनी मी तोंड दाबून धरलं. शेवटी भाटकारीणबाई उठल्या. नवऱ्यासमोर मोठ्याने न बोलणारी बाई, पण त्या दिवशी बोलली. "मेस्तानू, माटोळी नीट बांधा. आणि ह्यांच्या चाळीचे फातर काढा. ह्ये काय बोलाचे नाय."

 मेस्तांनी पोतं उतरवलं, दोर घेतले आणि दिवेलागणीपर्यंत गाठी मारल्या. मग भाटकारांना बोलावून सगळ्यांदेखत दोन्ही हातांनी माटोळीला लोंबकळले. पन्नाशी उलटलेला माणूस, पाय गुडघ्यात दुमडून. एक सुपारी हलली नाही.

चवथीनंतरच्या रविवारी पहिली खोली घेतली. कामगारांना सुट्टी रविवारचीच, म्हणून रविवारी एक खोली. भिंतीत भोकं पाडायची, तीन थर खालून पट्टी काढायची, वर लाकडावरून घेऊन आवळायची. पत्र्यांचे साधे खिळे काढून आकड्याचे बोल्ट, खाली रबराची चकती. कडेला आणि कोपऱ्यांना दुप्पट. आणि मगच, सगळ्यात शेवटी, फातर खाली. मेस्त स्वतः एकेक फातर उचलून देत, आणि खाली आला की तो विहिरीजवळ नेऊन ठेवत, बायकांना कपडे धुवायला. सगळ्या चाळीला मजा वाटायची. हौसा सगळ्यांना चहा करायची. दत्तू पट्टी आवळता आवळता म्हणायचा, "मिस्त्री, घराला बैलासारखं दावणीला बांधाय लागलाय की हो."

"बैल पळालो तर परत येता," मेस्त म्हणायचे. "छप्पर येणा नाय."

पहिल्या खोलीचा फातर उतरला तेव्हा मी वहिनींकडे बघितलं. त्या दारात काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. दुसऱ्या रविवारी त्या अंगणात आल्या. चौथ्या रविवारी त्यांनी हौसाच्या हातातून चहाचं भांडं काढून घेतलं, म्हणाल्या, ह्यो काय चाय, पाणी आसा. मेस्तांनी हे बघितलं नाही असं दाखवलं आणि बोल्ट जरा जास्तच आवळला.

सहा खोल्या झाल्या होत्या तेव्हा वादळ आलं.

दसरा होऊन गेला होता, भात कापून शेतात पडलं होतं. रेडिओवर सकाळपासून सांगत होते, होड्या काढू नका. अकराच्या सुमारास आभाळ असं काही पिवळट झालं की मी पोरांना घरी सोडलं आणि धावत आले. हे कारखान्यात. मी खिडक्यांना, आमच्याकडे त्यांना जनेलं म्हणतात, आतून आडव्या फळ्या लावते आहे तोवर मेस्त वहिनींना घेऊन आले. नेहमीसारखा कोपर धरून. "बाई, हिका वाईच बसवा." आणि वळले.

वारा आला तो आवाजाने आला. आधी डोंगराकडून एक घरघर, मग माड वाकले, मग आमची पडवी. दोन हिसके बसले आणि पडवीचं छप्पर सुटून अंगणात जाऊन पडलं. एकटं गेलं. घराचं कौल हललं नाही. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू, पण त्या भीतीतही मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी फळीच्या फटीला डोळा लावला. वहिनी माझ्या शेजारी आल्या, त्यांनीही डोळा लावला.

मेस्त चाळीसमोर उभे होते. शर्ट फाटून पाठीवर फडफडत होता. ते एकेका दारावर मुठी आपटत होते. सातवी, आठवी, बारावीपर्यंत. "भायर. सगळे भायर. माझ्या घरात." माणसं बाहेर पडायला लागली. पोरं कडेवर, म्हातारी पाठीवर. पहिल्या सहा खोल्यांतली माणसं दारात थबकली होती. त्यांनाही त्यांनी ओढून काढलं. रात्रपाळी करून घरी असलेला दत्तू ओरडून काहीतरी विचारत होता, बहुतेक हेच की आमची तर बांधलीय. मेस्त सातव्या खोलीकडे बोट दाखवत होते. तिचं छप्पर गेलं की वारा तिथून बाकीच्या खोल्यांत आतून शिरेल, हे त्यांना कळत होतं. दहा मिनिटांत सगळी चाळ मेस्तांच्या घरात गेली. शेवटी मेस्त गेले.

आणि बाराव्या खोलीचा पत्रा उचलला गेला. अगदी सावकाश, एका कडेने. मग एकदम सगळा. त्यामागे अकरावी, दहावी. पत्रे शेतावरून दूर गेले आणि फातर आत पडले. वाऱ्याच्या एवढ्या आवाजातही ते पडल्याचं ऐकू आलं. एक, दोन, मग मोजता येईना. वहिनींनी माझा हात धरला होता. माझी बांगडी मनगटात रुतून रक्त आलं तरी आम्हा दोघींनाही कळलं नाही. सातव्या खोलीपर्यंत सगळं गेलं. सहाव्या खोलीचा पत्रा थरथरला, थरथरत राहिला, आणि राहिला. तिच्या अलीकडच्या पाचही राहिल्या. मी मोठ्याने म्हटलं, "राहिल्या हो वहिनी, राहिल्या."

पण वहिनी चाळीकडे बघतच नव्हत्या. त्या स्वतःच्या घराकडे बघत होत्या. कौलांवरून वारा जात होता आणि ते घर नुसतं बसलं होतं.

"किती माणसां गेली गो आत?" त्यांनी विचारलं.

"तीस तरी असतील."

"पोरां?"

"दहाबारा."

त्यांनी फटीवरचा डोळा काढला. "ती हौसा चूल पेटवीत आणि घरभर धूर करीत. आमच्या चुलीचा तिका काय म्हायत? पोरां भिजलीहत. तेंका गरम कायतरी घालूक व्हया." आणि त्यांनी भिंतीला लावलेली काठी घेतली.

मी म्हटलं, "वहिनी, वारा आहे."

"दिसता माका."

वारा थांबला नव्हता. थांबल्यावर तर कोणीही गेलं असतं. मी दार उघडलं आणि त्यांचा कोपर धरला, मेस्त धरायचे तसा. मधलं अंगण वीस पावलांचं. पाऊस अंगाला टोचत होता, माडाच्या झावळ्या पायांत येत होत्या, वहिनींचा पाय चिखलात ओढत होता. मध्ये एकदा त्या थांबल्या. मला वाटलं, परत फिरणार. त्यांनी फक्त पदर कमरेला खोचला आणि पुढे निघाल्या.

मी दार ठोकलं. मेस्तांनी उघडलं. मला बघून ते काही बोलणार होते, तेवढ्यात त्यांना वहिनी दिसल्या. मी इतकी वर्षं त्या माणसाला ओळखत होते, पण त्यांचा असा चेहरा कधी बघितला नव्हता.

"तू कित्याक इलंस?" ते म्हणाले. 

"घरात पावणे आसात. मी लोकाच्या घरात बसान कसां चलात?" वहिनींनी काठी आत टेकवली, उंबरठा ओलांडला आणि पाठीमागे न बघता चुलीकडे निघाल्या. पोरांना बाजूला सारत, कोणाला तरी सुकी लाकडं कुठे आहेत ते सांगत.

मेस्त दाराची फळी हातात धरून तसेच उभे. पाऊस त्यांच्या तोंडावर येत होता. वर कौलांवर वारा नुसता थैमान घालत होता आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

आतून वहिनींचा आवाज आला, "दार लावा मगे. वारो आत येता."

मेस्त पुढे बरीच वर्षं जगले, त्यांनी आणखी कितीतरी छपरं बांधली, उरलेल्या सहा खोल्याही पुढच्या दोन महिन्यांत बांधल्या. पण मला ते शेवटचे दिसतात ते इथेच. त्यांनी दार लावलं, आत अडसर पडला. मी चिखल तुडवत धावत घरी परत आले, आणि उरलेलं सगळं वादळ आमच्या घरात एकटी बसले.